केसरीनाथने भरून दिलेली गाणी

भिवंडीच्या नारपोलीत लूम दुरुस्त करणारे पैशाला पासरी. पण लूम सोडून लॅपटॉप उघडायला बसलेला फिटर एकच, केसरीनाथ. वीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात घालवल्यावर त्याचा डावा कान पार गेला आणि उजव्यानं अर्धंच काम करायला सुरुवात केली, तेव्हा त्यानं कारखाना सोडला. घराच्या ओटीवर काच लावून दुकान थाटलं. लोक हसले. सहा महिन्यांत तेच लोक बगलेत लॅपटॉप मारून दारात उभे राहायला लागले.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. मुंबईच्या ऑफिसांनी टाकून दिलेले लॅपटॉप तेव्हा भिवंडीत गठ्ठ्यानं यायचे. चालू करून चहा पिऊन आलं तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ हललेलं नसायचं. केसरीनाथ पालथा करून स्क्रू काढायचा, दोनशे छप्पनची रॅम उपटून एक जीबीची बसवायचा, चाळीसची हार्ड डिस्क काढून एकशेवीसची घालायचा, की ते थकलेलं यंत्र पळायला लागायचं. निघालेली डिस्क दुकानाची. हा नेम त्यानं लूमच्या धंद्यातून आणला होता, तिथे बदललेला पार्ट फिटरचाच असतो. फरक एवढाच, की लूमच्या झिजलेल्या दातेरी चाकात कुणाचं काही राहिलेलं नसतं. हे त्याला कळत होतं, म्हणून जुनी डिस्क तो आठ दिवस बाजूला ठेवायचा आणि गिऱ्हाईक समाधानी असल्याची खात्री करूनच पुसायचा. त्याच्या हातून कुणाचा साधा फोटोसुद्धा गेला नव्हता. याचा त्याला गर्व होता, आणि तो काही खोटा नव्हता.

गाण्यांची मात्र त्याला कदर नव्हती. भिवंडीतल्या प्रत्येक पोराच्या लॅपटॉपात तीच शेपाचशे गाणी. ती उतरवण्यात तासभर कोण घालवणार? तो गाण्यांचा फोल्डर सोडून द्यायचा आणि नव्या डिस्कवर स्वतःकडचा हजार गाण्यांचा साठा फुकट भरून द्यायचा. गिऱ्हाईक खूश व्हायचं. फोल्डर उघडून ऐकायची सवय त्याला नव्हतीच. ऐकणार कोणत्या कानानं?

पूर्णा गावची मृणाली श्रावणात लॅपटॉप घेऊन आली. ती कमळाआक्काची सून. कमळाआक्का म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या जुन्या घरांत धवलारणीनं लग्नाची गाणी, म्हणजे धवळे, म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि आक्काला हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवळे तोंडपाठ होते, कुठेही न लिहिलेले. खुद्द केसरीनाथचं लग्न तिनंच लावलं होतं. मृणाली बारावी शिकलेली, हौशी. दोन वर्षं लॅपटॉपसमोर सासूला बसवून तिनं एकेक धवळा भरून घेतला. मग शिमग्यानंतर आक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

"आतलं सगलं तसंच ठेवा हां काका," मृणाली म्हणाली. "मना त्यावरून शिकायचं हाय. मार्गशीर्षात नणंदेचं लगीन हाय, धवळे मीच बोलणार."

केसरीनाथला रस्त्यावरच्या टेम्पोच्या आवाजात जेमतेम पहिलं वाक्य ऐकू आलं, आणि 'सगलं' म्हणजे नेहमीचे फोटो नि फायली असं त्यानं धरलं. पुढचं त्यानं मान हलवून निभावून नेलं. बहिऱ्या माणसाला ही मान हलवण्याची खोड फार महागात पडते.

त्यानं फोटो उतरवले, फायली उतरवल्या. दुसऱ्या कप्प्यात 'साँग्ज' नावाचा फोल्डर दिसला, आत नुसते आकडे घातलेल्या दोनशे फायली. तो सोडून दिला आणि आपली हजार गाणी भरून लॅपटॉप तिला दिला. तिसऱ्या दिवशी वडप्याच्या गोदामातला किशन घाईला आला, "आज ही चाहिए, केसरीभाई, माल अटका है." जवळ दुसरी डिस्क नव्हती. आठ दिवसांचा नेम आयुष्यात पहिल्यांदा मोडून त्यानं मृणालीची डिस्क पुसली आणि किशनच्या यंत्रात बसवली.

सहाव्या दिवशी मृणाली परत आली. "काका, आईंचे धवळे कुठं हायेत? नुसती पिक्चरची गाणी लागतात."

या वेळी त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"बघतो," एवढंच तिला सांगून तो तसाच वडप्याला धावला, किशनच्या शिव्या खाल्ल्या, डिस्क परत आणली. पुसलेलं उकरून काढणारा प्रोग्रॅम दोन दिवस चालवला. पण डिस्कवर गोदामाचा माल चढला होता. दोनशेतले दोन तुकडे निघाले. शेजाऱ्याच्या पोरीला ऐकायला लावले. एकात खोकला होता. दुसऱ्यात मृणाली म्हणत होती, "आई, पुन्हा बोला ना," आणि पुढे खरखर.

खरं सांगायचंच असं ठरवून तो पूर्ण्याला गेला. आक्का ओटीवर खाटेवर होती, तोंड भिंतीकडे. मृणालीचा चेहरा सुजलेला.

"आई चार दिस माझ्या हातचं जेवत न्हाईत," ती म्हणाली. "घरचे बोलतात, काकांच्या हातून कुणाचं काय गेलं न्हाय, तुझाच हात लागला. खरंच काका, माझ्याच हातून पुसलं गेलं असंल का?"

इतकं सोपं दार कुणी उघडून देईल, असं केसरीनाथला वाटलं नव्हतं. सांगायचं ते ओठांवर होतं. तेवढ्यात त्याची चाहूल लागून आक्का मोठ्या कष्टानं या कुशीवर वळली. तो खाटेपाशी खाली बसला, तसा तिचा चांगला हात उठला आणि त्याच्या डोक्यावर येऊन टेकला. तिनं लावलेल्या लग्नाचा नवरा होता तो, लेकाच्या जागी.

"असंल," तो म्हणाला.

मृणालीनं लॅपटॉप आणला, वही-पेन आणलं. "मग नक्की काय दाबलं गेलं ते दाखवा. आईंना तरी नीट सांगता येईल, मुद्दाम न्हाय केलं."

आक्काचा हात डोक्यावर तसाच असताना त्यानं दाखवलं. काय करणार होता? "फाईल निवडायची, शिफ्ट धरून डिलीट दाबायचं. तसं झालं तर परत येत न्हाय." सांगणं अगदी बिनचूक होतं. तिनं शब्दन् शब्द उतरवून घेतला, एकदा स्वतः करून पाहिलं.

मग वही घेऊन ती खाटेपाशी जमिनीवर बसली आणि लहान पोराला समजवावं तसं सासूला सावकाश वाचून दाखवलं. शेवटी म्हणाली, "आई, मी हे केलं."

आक्कानं केसरीनाथच्या डोक्यावरचा हात काढला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.