दहाचा फोन

माझ्या मामाला फोनवर बोलता यायचं नाही, आणि त्याची सगळी नोकरी मात्र फोनवर बोलण्याची होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं. घरी फोन वाजला की तो उचलायचा, समोरच्याचं ऐकून घ्यायचा, कामाचं तेवढं बोलायचा आणि ठेवून द्यायचा. 'बरं, ठेवतो' नाही, 'जेवलीस का' नाही. माझी आई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती हातातल्या मुक्या रिसीव्हरकडे बघत म्हणायची, "हा माणूस आहे की भिंत?" मला तेव्हा हसू यायचं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मामा सरकारी टेलिफोन खात्यात कारकून आहे, एवढंच आम्हाला माहीत. गेल्या वर्षी पेपरात छोटी बातमी आली की दोन देशांमधली जुनी टेलिफोन लाइन आता बंद होणार, यापुढे संदेश संगणकावरून जातील. सोबत एका फोनचा फोटो होता. आकडे नसलेला, नुसता काळा डबा. मामा माझ्याकडे चहाला आला होता. त्याने बातमी दोनदा वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "या फोनच्या टेबलावर मी एकवीस वर्षं बसलो." मग दोन तास बोलला. सत्तरीतला माझा मामा सलग दोन तास बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्या फोनला आकडे नव्हते, कारण तो एकाच ठिकाणी लागायचा. सीमेपलीकडे, लष्करी कचेरीतल्या तशाच एका टेबलावर. पलीकडे एकाच माणसाचं राज्य. पेपरात त्याचाच फोटो, शाळेत त्याचीच गाणी, आणि त्याच्या मनात आलं की सीमेवर रणगाडे उभे. विचारलं तर उत्तर ठरलेलं, सराव चालू आहे. मग आपले रणगाडेही सरावाला निघायचे. एकदा अशा सरावात कुणाच्या तरी चुकीने तोफ उडाली आणि दोन्हीकडची मिळून अकरा माणसं गेली. तेव्हा ही लाइन टाकली. काही विपरीत घडलं तर निदान 'हे चुकून झालंय' एवढं तरी सांगता यावं.

लाइन चालू आहे ना, हे रोज सकाळी दहाला तपासायचं. एक दिवस आपण फोन करायचा, एक दिवस त्यांनी. वाक्यं चार, दोन्ही सरकारांनी बसून ठरवलेली.

"केंद्र बोलतंय. ऐकू येतंय का?"

"ऐकू येतंय. आवाज स्पष्ट आहे."

"आज कळवण्यासारखं काही नाही."

"आमच्याकडेही काही नाही. उद्या याच वेळी."

ज्याने फोन केला त्यानेच आधी ठेवायचा. नाव सांगायचं नाही, विचारायचं नाही, नमस्कारसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना टेप फिरत असायची. पाचवं वाक्य बोललं तर वहीत लिहून खुलासा द्यायचा.

टेबलावर मामाचा एक जोडीदार होता, पण तो मुलाबाळांचा, म्हणून बहुतेक दिवस आणि सगळ्या सुट्ट्या मामाच्या माथी. "तुला काय रे, सडाफटिंग," असं म्हणून तो खुशाल घरी राहायचा. मामाचं लग्न झालं नाही, यालाही ही नोकरीच कारण. एक स्थळ पक्कं होत आलं होतं. मामाला मुलगी आवडली होती, हे त्याने मला सत्तराव्या वर्षी मान खाली घालून सांगितलं. पण मुलीचा भाऊ परदेशात राहायचा. वरून चिठ्ठी आली की लग्न करा किंवा टेबल सांभाळा. टेबल सोडलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायला बंदी. मामाने नकार कळवला. आई त्याच्याशी सहा महिने बोलली नाही. तोही गप्प. नवा मित्र झाला तरी कचेरीत कळवावं लागे, त्याची चौकशी होई, म्हणून त्याने मित्र करणंच सोडलं. दोन खोल्या, एक स्टोव्ह, खिडकीशी खुर्ची. संध्याकाळी तो रेडिओ लावायचा आणि ऐकायचा नाही.

तर या माणसाशी रोज न चुकता बोलणारा एकच माणूस होता, आणि तो शत्रूचा होता.

पलीकडेही दोघे होते. त्यातला एक तुटक, घाईतला. दुसरा मामानंतर पाच वर्षांनी आलेला, जाड आवाजाचा, सावकाश बोलणारा. आपली भाषा पुस्तकातून शिकलेला, प्रत्येक शब्द धुऊन पुसून मांडणारा. योगायोग म्हणा, मामाच्या वाट्याला बहुतेक तोच यायचा. सुट्टीच्या दिवशीही तोच. मामा म्हणाला, "मी ओळखलं, याच्याही जोडीदाराला पोरं असणार."

खरं काम एकदाच पडलं. हवामान खात्याचा आपला मोठा फुगा दोर तुटून वाऱ्याने सीमेपार गेला. तिकडे ते त्याला हेरगिरीचं यंत्र समजले आणि त्यांची विमानं सीमेकडे निघाली. दुपारी दोन वाजता मामाने फोन उचलला तेव्हा त्याच्यामागे चार अधिकारी उभे होते आणि चौघांची पाचावर धारण बसली होती. तिकडून जाड आवाज म्हणाला, "सांगा. मी लिहून घेतोय. सावकाश सांगा." मामाने फुग्याचा रंग, आकार, सोडल्याची वेळ सांगितली. त्याने शब्द न् शब्द परत वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता, मामाचा. "तुम्ही आधी सात म्हणालात, आता नऊ. कोणता धरू?" मामाने सुधारला. अकरा मिनिटांनी तिकडची विमानं परत फिरली. मामा मला म्हणाला, "त्याने तो आकडा विचारला नसता तरी चाललं असतं. काय बिघडणार होतं त्याचं? पण त्याने विचारला." त्यानंतर मामाला ते टेबल ओझं वाटेनासं झालं.

मग एका हिवाळ्यात त्या आवाजाला खोकला लागला. आधी कोरडा, मग खोल. तीन आठवडे मामा रोज तो खोकला ऐकत होता आणि पाळी आली की म्हणत होता, ऐकू येतंय, आवाज स्पष्ट आहे. बाविसाव्या दिवशी चौथं वाक्य झालं आणि मामाच्या तोंडून निघून गेलं, "जपा."

पलीकडे तो एकदा खोकला. मग तो म्हणाला, "तुम्हीपण."

वहीत मामाने लिहिलं, 'एक शब्द अनवधानाने.' त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला होता. मला तो दिवस आठवतो, कारण मामाने आईला कारण नसताना विचारलं, "ताई, बरी आहेस ना तू?" आई चमकली. "आज सूर्य कुठून उगवला?" मामा नुसता हसला. आईने त्याला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

पुढच्या आठवड्यात त्याला वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. मामाला वाटलं, आता नोकरी जाते. पण तिथे बसलेले साहेब खुशीत होते. मामा त्यांना गोड साहेब म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून कधी कडू शब्द निघाला नाही. त्यांनी टेप तीनदा लावली. 'तुम्हीपण' आलं की बोट वर करायचे.

"ऐकलंत? सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याने दार उघडलं. तुमच्यामुळे."

"चूक झाली, साहेब."

"चूक कसली? देणगी आहे ही. तिकडे काय शिजतंय ते आपल्याला कळत नाही. यंदा रणगाडे दुप्पट आलेत. आणि हा माणूस रोज त्यांच्या मुख्य कचेरीत बसतो. एकटा असावा, आजारी आहे. उद्या नुसतं विचारा, औषध मिळतं का. मग हळूहळू घरचं. बाकी आम्ही बघू."

मामा मला म्हणाला की साहेब चुकीचे नव्हते. तिकडचं राज्य खरंच धोक्याचं होतं, आणि आधी कळलं असतं तर आपली पोरं वाचली असती. हे मामाला मान्य होतं. पण त्याला आणखी एक गोष्ट माहीत होती. तिकडचा एक दुभाषा सीमेवरच्या बैठकांना यायचा, दर वर्षी फोटोत डावीकडून तिसरा. एका वर्षी आपल्या कुणाच्या तरी विनोदावर तो फोटोत मोकळेपणी हसला. पुढच्या वर्षी डावीकडून तिसरा माणूस वेगळा होता. आपल्या खात्याने चौकशी केली तेव्हा कळलं, त्या दुभाष्याच्या बायकोलाही तो कुठे आहे हे माहीत नाही. एका हसण्यावर हे. मग 'औषध मिळतं का' यावर काय?

"हो म्हणालो मी साहेबांना," मामा म्हणाला. "नाही म्हटलं असतं तर माझ्या जागी दुसरा बसवला असता, आणि त्याने विचारलं असतं."

दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला. चार वाक्यं झाली. पलीकडच्याने फोन ठेवायला हवा होता. त्याने ठेवला नाही. वाट बघत राहिला. मामाची नजर भिंतीवरच्या सेकंदकाट्यावर होती. सात सेकंद. मामाने विचारलं नाही. मग तिकडून हळूच फोन ठेवल्याचा आवाज आला.

तिथून पुढे मामा मुद्दाम कोरडा बोलायला लागला. पूर्वी वाक्यांत जी काही ऊब असेल तीही काढून टाकली. साहेब विचारायचे, आज का नाही? आज घसा बसला होता साहेब. आज विसरलो. आज लाइनवर खरखर होती. "मी इतका मंद आहे यावर त्यांचा विश्वास बसायला तीन महिने लागले," मामा म्हणाला आणि खुदकन हसला. दोन तासांत तेवढं एकदाच. पलीकडचा माणूस पहिला महिनाभर त्याच्या पाळीला थोडं थांबायचा. मग थांबेनासा झाला. खोकला मात्र होताच.

"तेव्हा वाईट वाटायचं?" मी विचारलं. काय मूर्ख प्रश्न!

"घरी आल्यावर फार वाटायचं," मामा म्हणाला.

चौथ्या महिन्यात साहेब स्वतः खाली येऊन बसू लागले, लाइनला जोडलेले हेडफोन कानाला लावून. अशाच एका सकाळी तिकडून फोन आला. आवाज बसका होता. चार वाक्यं झाली आणि तो त्याच सावकाश, धुतलेल्या भाषेत म्हणाला, "उद्यापासून इथे दुसरा माणूस असेल. माझी नोकरी संपली."

साहेबांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मामासमोर सरकवलं. बोला. ठेवू नका.

"सोळा वर्षं," तो माणूस म्हणाला. "मला तुम्हाला एकच गोष्ट..."

मामाने फोन ठेवला.

नियम मोडून, त्याचं वाक्य अर्धवट तोडून, रिसीव्हर आपटून. तिकडच्या टेपवर आवाज नीट उमटावा म्हणून आपटला. साहेबांच्या तोंडून पहिल्यांदा कडू शब्द निघाला. मामाने वहीत लिहिलं, 'नियमबाह्य संभाषण. आमच्याकडून तत्काळ तोडले.' महिन्याभरात त्याची बदली तळघरातल्या कागदांच्या कोठारात झाली. उरलेली नऊ वर्षं त्याने लोकांना पेन्सिली आणि पाकिटं दिली. घरी आम्ही समजलो, कामात काहीतरी घोळ घातला असेल. आई तसं त्याच्या तोंडावर म्हणालीही.

चहा गार होऊन गेला होता. मी रडत होते आणि मामावर चिडलेही होते. इतक्या वर्षांत एकदा, फक्त एकदा, कुणाला तरी या माणसाला काही सांगायचं होतं, आणि याने ऐकून घेतलं नाही!

"काय सांगायचं असेल रे त्याला?"

"कुणास ठाऊक. कधीकधी मी बसल्या बसल्या वाक्य पुरं करून बघतो."

"निदान पुरं होऊ द्यायचंस. मग ठेवायचास."

"मग तिकडे टेप ऐकणाऱ्याला वाटलं असतं, हा ऐकतोय. ऐकणारा आहे म्हणजे ओळख आहे." मामाने पेपराची घडी घातली, बातमी आत जाईल अशी. "निवृत्तीच्या दिवशी ओळख निघाली असती, तर त्याला दाराबाहेर सोडलं नसतं."

"पण त्याला काय वाटलं असेल तुझ्याबद्दल?"

"उर्मट, निर्दयी माणूस. सोळा वर्षं बोलून शेवटी तोंडावर फोन आपटला." मामा उठला, चष्मा लावला. "तसंच वाटायला हवं ना, बाळा. तसं वाटत असलं, तर तो घरी बसून मला शिव्या देत असेल. घरी बसून."