एका सहीसाठी उसना बाप

मांडवात माझ्या आईबापाच्या जागी कोण बसणार हे ठरत होतं, आणि मी चहा ओतत होते.

गंगापूर रोडला, मामांच्या बंगल्यात. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, अमेरिकेतले. दर हिवाळ्यात नाशिकला येतात. मामी सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कप घेतला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मामांना म्हणाल्या, "दिंडोरीचे नाना आणि काकू बसतील. शोभतात दोघं. फोटोत बरे दिसतील."

मामा म्हणाले, "हिला विचार."

"हिला काय विचारायचं? हिच्याच भल्याचं चाललंय."

मी उभीच. ड्युटी करून थेट आलेली, पायाला गोळे आलेले. बस म्हणून कुणी म्हणालं नव्हतं.

"माझे आईवडील आहेत," मी म्हणाले. "दोघंही आहेत."

मामी हसल्या. वाईट हसल्या असंही नाही. लहान पोराला हसतात तसं. "अगं आहेत ना, कोण नाही म्हणतंय? पण तिकडचा व्हिसाचा ऑफिसर फोटो बघतो. तुझे वडील असे मजुरासारखे दिसले की त्याला वाटणार, पोरगी पैशासाठी गळ्यात पडलीय."

मजुरासारखे. माझा बाप मजुरासारखा दिसतो, कारण तो मजूर आहे.

लग्न आमचं आधीच झालेलं होतं. कोर्टात, नोंदणी करून. सासूबाई नाशिकला आल्या असताना बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, माझ्या वॉर्डात आल्या. त्यांच्या उशाशी बसायला मुलगा अमेरिकेहून धावत आला. मी त्यांना उठवायचे, बसवायचे, चालवायचे. तो बघायचा. एक दिवस म्हणाला, तुम्ही कधी बसता का हो? मला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. तिथून सगळं सुरू झालं.

तो तिथला नागरिक आहे. ऐकायला मोठं वाटतं. एका गोदामात माल चढवतो-उतरवतो. बायकोला बोलवायचं तर तिथलं सरकार आधी विचारतं, पोसणार कशानं? ठरावीक कमाई दाखवावी लागते. मध्ये त्याचे कामाचे तास कमी केले आणि त्याची कमाई त्या रेषेच्या खाली राहिली. थोडीच खाली. पण सरकारला थोडं बिडं कळत नाही. मग तिथलाच दुसरा कुणी चांगल्या कमाईचा माणूस लागतो. तो सही करून सांगतो, ही बाई सरकारच्या डोक्यावर बसणार नाही, बसली तर मी भरून देईन. त्याला म्हणायचं स्पॉन्सर. आमच्या ओळखीत असा माणूस एकच. मामा.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला सगळं समजावलं होतं. "उद्या तू तिकडं जाऊन फुकटचं खायला लागलीस, तर बिल माझ्या नावावर. वर्षानुवर्षं. म्हणून माणूस बघून सही करावी लागते."

फुकटचं. आश्रमशाळेच्या सुट्टीत मी आईबापाबरोबर बागेत राबलेय. नर्सिंग शिकले तेही दुसऱ्याच्या घरची म्हातारी सांभाळून. फुकटचं खाणं कशाला म्हणतात हे शिकायला मला खरंच अमेरिकेला जावं लागेल.

पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. आणि मामांना ते पक्कं माहीत होतं.

बंगल्यात मामांची आई होती, अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा झालेल्या. माझी सुट्टी कधी हे मला कळायच्या आधी मामींना कळायचं. "येऊन जा गं, घरचीच नर्स असताना बाहेरची कशाला?" मी जायचे. ड्रेसिंग करायचे, कूस बदलून द्यायचे, साखर तपासायचे. म्हातारीवर माझा राग नाही. जखम ही जखम असते, ती कुणाच्याही पाठीवर असो. पण मामी फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "हो हो, येते ना, ती पेठकडची मुलगी ठेवलीय." भाचेसून नाही. ठेवलीय. मी हात धुवत होते. तशीच धुवत राहिले.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सहन कर ना जरा. सही झाली की सुटलो."

सहन कर. हे दोन शब्द माझ्या कानावर इतके पडलेत की आता ते ऐकले की झोपच येते.

मग मामींना कुणीतरी सांगितलं, कोर्टातल्या लग्नावर तिकडं संशय घेतात, वाजतगाजत लग्नाचे फोटो असले की बरं. झालं. पुन्हा लग्न लावायचं ठरलं. हळद, मुंडावळ्या, अंतरपाट, कन्यादान, सगळं. म्हणजे खरं लग्न खरं वाटावं म्हणून खोटं लग्न. आणि त्या खोट्या लग्नात खोटे आईबाप. लग्न लागल्याशिवाय मामा सही करणार नव्हते.

काकूंना मी मेंदीच्या दिवशी भेटले. नानांची द्राक्षबाग आहे, माणसं सरळ. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "आमच्यात असंच करतात बघ. सून दुसऱ्या जातीची असली की आपल्यातलं एक जोडपं तिला लेक मानतं, कन्यादान करतं. मग ती आपल्यातली होते. आजपासून तू आमची लेक. आता एकटी समजू नकोस हं स्वतःला."

एकटी मी कधी होते, असं मनात आलं. पण त्या इतक्या मायेनं बोलत होत्या की तोंड उघडवेना.

आईबाप तेव्हा दिंडोरीकडेच एका बागेत होते, घड विरळायच्या कामाला. आमची माणसं दरवर्षी पेठच्या डोंगरातून खाली उतरतात, बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली राहतात, हंगाम संपला की परत जातात. मी एसटीनं गेले. बापाला सगळं सांगितलं. तो विडी पेटवता पेटवता थांबला.

"कन्यादान? आपल्यात कुठं पोरगी दान देत्यात? आपल्यात तं पोराकडचे देज घेऊन येत्यात, हात जोडून मागत्यात पोरगी." मग हसला. "बसू दे ज्याला बसायचं त्याला. आपन बघू, जेवू, येऊ."

आई हसली नाही. तिनं विचारलं, "मंग आमी कोन म्हनून यायचं?"

मामींनी मला बजावून ठेवलं होतं. 'येऊ देत की, हॉस्पिटलच्या ओळखीचे म्हणून येऊ देत.' ते मी गिळलं.

"आईबाप म्हणून या," मी म्हणाले.

लग्न एका लॉन्सवर होतं. माणसं बेताची, फोटोवाले मात्र दोन. नवरा चार दिवस आधी आला होता, एकटाच; सासूबाईंना त्या हाडामुळे एवढा प्रवास झेपणार नव्हता. बापानं नवा पांढरा सदरा घातला होता, दुकानातल्या घड्या तशाच. आईनं होता नव्हता तो सगळा दागिना अंगावर घातलेला. दोघं मागच्या खुर्च्यांवर बसली. मी मुंडावळ्या बांधून मांडवाकडे निघाले होते, तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका बाईनं मामींना विचारलं, मागं बसलेली ती दोघं कोण?

मामी म्हणाल्या, "हॉस्पिटलच्या ओळखीतले. हिनं फार केलं त्यांचं."

मी दोन हात अंतरावर उभी होते. बापानं माझ्याकडे बघितलं. मग उठून त्या बाईला हात जोडले. म्हणाला, "हां, लय केलं पोरीनं."

माझ्यासाठी. माझा व्हिसा बिघडू नये म्हणून माझा बाप माझा बाप नसल्यासारखं बोलला. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. गरिबाला अशी वेळ बरोबर कळते.

तरी मी मांडवात जाऊन बसले. हे सांगायलाच हवं. तरीही गेले. कारण शेजारी तो बसला होता, आणि वर्षभर मी त्याला फक्त फोनच्या काचेत बघितलं होतं.

कन्यादान आलं. त्याच्या ओंजळीवर माझी ओंजळ, वर काकू पाणी सोडणार. नाना शेजारी. गुरुजी माइकवर होते, समजावून सांगणारे. म्हणाले, आता मुलीच्या तीन पिढ्यांचा उच्चार करायचा असतो. पणजोबा, आजोबा, वडील. मामांनी चिठ्ठी दिली होती. गुरुजींनी नानांच्या आजोबांचं नाव घेतलं, यांची पणती. नानांच्या वडलांचं नाव घेतलं, यांची नात.

माझ्या आज्यानं जळणाच्या मोळीसाठी फॉरेस्टवाल्यांचा मार खाल्ला होता. मरेपर्यंत लंगडत चालायचा. तोच मला खांद्यावर बसवून आश्रमशाळेत सोडून आला होता. त्याच्या जागी माइकवरून दुसराच आजोबा आला. ज्याला मी कधी बघितलं नाही आणि ज्यानं मला बांधावर उभं केलं नसतं. आता वडलांचं नाव येणार होतं.

"थांबा," मी म्हणाले. "ही माझी माणसं नाहीत."

माइकमुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

गुरुजी हळूच म्हणाले, "बाळ, नुसता उच्चार असतो तो."

"मग माझ्या बापाचा करा."

मामा मागून वाकले. कानाशी, दात आवळून: "तमाशा नको. सहीचं लक्षात आहे ना?"

नवरा म्हणाला, "होऊन जाऊ दे गं. नंतर बोलू. प्लीज."

मी खरंच विचार केला. खोटं कशाला बोलू? माझ्या हाताखाली त्याचे हात होते, गरम. मला त्या माणसाबरोबर एका घरात राहायचं होतं. त्याच्यावर चिडायचं होतं, त्याच्या ताटात वाढायचं होतं, त्याच्याकडून वाढून घ्यायचं होतं. एवढंच. त्यासाठी इतके महिने, इतक्या सुट्ट्या, इतकं गिळणं. अजून थोडं गिळलं असतं तर झालं होतं.

पण घशात जागाच उरली नव्हती.

मी हात काढून घेतले. काकूंच्या कलशातलं पाणी पाटावर सांडलं. उभी राहिले. आवाज चढला नाही माझा. दमलेला आवाज चढत नाही. म्हणाले, "मागं बसलेत ते माझे वडील. ती माझी आई. द्राक्षबागेत मजुरी करतात. आमच्यात मुलगी दान देत नाहीत, आणि मी कुणाची उसनी लेक नाही."

मामी फोटोवाल्यावर ओरडल्या, बंद कर तो कॅमेरा.

आणि नाना उठले. चेहरा पडलेला. मामांना म्हणाले, "आम्हाला तर सांगितलंत, पोरगी अनाथ आहे. म्हणून बसलो आम्ही. आईबाप जेवायला बोलावून पोरगी अनाथ? काय माणसं आहात!"

अनाथ. तेव्हा मला काकूंचा पाठीवरचा हात कळला.

मी मांडवातून उतरले. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. बापानंही शाबास म्हटलं नाही. उलट गेटपर्यंत पुटपुटत आला, "कार्यातून उठू नये गं. असं उठू नये." रिक्षात बसल्यावर म्हणाला, "आता तुझं जानं ऱ्हायलं."

"राहिलं."

"माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं नाही, आबा. मामामुळं."

उतरताना माझ्या कपाळावरच्या मुंडावळ्या आईनं सोडल्या आणि पिशवीत टाकल्या.

नवरा परत जायच्या आधी माझ्या खोलीवर आला. म्हणाला, "तू बरोबर होतीस. पण वेळ चुकली." बरोबर असायची वेळ कोणती असते, तेवढं सांगून गेला असता तर बरं झालं असतं.

परवा त्याचा फोन आला. मामा अजूनही सही करायला तयार आहेत म्हणे. मोठं मन. मी बंगल्यावर जायचं, मामा-मामींच्या पाया पडायचं, झाल्याबद्दल माफी मागायची. आणि नाना आता बसणार नाहीत, तर दुसरं जोडपं बघून देवळात गुपचूप कन्यादान उरकायचं. "एक सॉरी म्हणायचं आहे फक्त," तो म्हणाला.

"नाही."

"तुला यायचं नाहीये का माझ्याकडे?"

हा प्रश्न लागला मला. फार लागला. मी म्हणाले, "मला यायचंय. रोज यायचंय. तू जास्तीचं काम धर, तुझी कमाई त्या रेषेवर ने. नाहीतर इकडे ये, दोघं मिळून कमवू. नाहीतर दुसरा स्पॉन्सर शोध. पण ज्याला माझ्यासाठी सही करायचीय, त्यानं आधी माझ्या बापाशेजारी येऊन बसायचं. तो जिथं असेल तिथं. बागेच्या कडेला असेल तर बागेच्या कडेला. त्याला नावानं हाक मारायची. मग पेन काढायचं."

तो मग म्हणाला, "असा कोण येणार?"

"नाही आला तर नको."

त्यानं फोन ठेवला. पुन्हा करेल, नाही करणार, माहीत नाही. बंगल्यावरची ड्रेसिंगं मी बंद केली. मामींचा फोन आला तर सांगते, बाहेरची नर्स लावा, तिला पगार द्या. मला नवरा पाहिजे. अजूनही पाहिजे. पण बाप देऊन नाही.