चेहरा यायला वेळ लागतो

किस्से कोणी गोळा करत नाही. माणूस एका खुर्चीत पुष्कळ वर्षं बसला, की तेच येऊन शेजारी बसतात. आमच्याकडचे बहुतेक मयताचे आहेत, हे आधीच सांगतो. नंतर कोणी म्हणायला नको, अण्णा, जेवताना हे काय काढलंत!

महाडच्या बाजारात इब्राहीमभाईंचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नात कॅमेऱ्यामागे लाइट धरून उभं राहायचं, हे माझं काम होतं. आता हात थरथरतो, म्हणून काउंटरपाशी बसतो आणि येणाऱ्याला पाणी देतो. लग्नं नसतात तेव्हा दुकान मयतांवर चालतं. दहाव्याला हार घालायला फोटो लागतो आणि घरात धड फोटो नसतो. मग लोक जुनी कॅसेट, मोबाइलवरचा धुरकट व्हिडिओ, असलं काहीतरी घेऊन येतात. आमचा निलेश, पोलादपूरकडचा, त्यातला चेहरा कॉम्प्युटरवर मोठा आणि स्वच्छ करून देतो. त्याचं सगळं ओझं ओढतं आतलं ग्राफिक्स कार्ड. ते एकदा पुराच्या पाण्यात राहून आलेलं. निलेशने पुसून, वाळवून चालू केलं. तसं दुसरं आमच्याकडे नाही. ते गेलं की चेहरे बंद.

* * *

पूर्वी एक चेहरा यायला अर्धा दिवस जायचा. लोक दारात खोळंबायचे. म्हणून निलेशने कार्ड जास्त वेगाने पळवायला घेतलं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात, एक वेगाची, एक व्होल्टेजची. माऊसने सरकवायच्या. वेग वाढवला आणि व्होल्टेज कमी पडलं तर कार्ड चुका करतं, आणि व्होल्टेज जास्त झालं तर तापून मरतं, असं त्याने मला समजावलं.

पहिल्याच दिवशी ते चुकलं. एका मास्तरांच्या दोन्ही गालांवर हिरवे चौकोन आले. मास्तरांच्या मुलाने चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"बाबांना लहानपणी देवी आल्या होत्या, त्याचे वण होते," तो म्हणाला. "पण हिरवे नव्हते."

* * *

पाचाडला खानावळ चालवणारी एक म्हातारी गेली. तोंडात दात नव्हता. कॉम्प्युटरने चेहरा साफ करता करता तिला पांढरेशुभ्र दात बसवले. निलेशला वाटलं, व्होल्टेजचीच गडबड. त्याने पट्टी खाली घेतली आणि चेहरा परत काढला. दात तसेच. अजून खाली घेतली. दात काही हलेनात.

म्हातारीची सून पदर तोंडाला लावून बसली होती. शेवटी तीच म्हणाली, "राहू देत. जन्मभर लोकांना मटण वाढलंन, स्वतः आमटीत भाकरी कुस्करून खाल्लीन. तिकडं तरी चावून खाऊ दे."

* * *

उन्हाळ्यात कार्ड फार तापायला लागलं. निलेशचं म्हणणं, व्होल्टेज उतरवू, वेग थोडा सोडू. भाईंचं म्हणणं, वेग सोडायचा नाही. भाई मस्कतला एसीच्या कामावर होते, थंडाव्याबद्दल त्यांना कोणी शिकवायचं नाही! त्यांनी घरचा कूलर आणून कॉम्प्युटरच्या तोंडाशी लावला. निलेश हात जोडून सांगायला लागला की दमट हवा आत जाईल, कार्ड मरेल.

भाई म्हणाले, "जे पुरातून जगलं, त्याला तू ओलाव्याची भीती घालतोस?"

कूलर संध्याकाळी घरी परत गेला. भाभी स्वतः न्यायला आल्या होत्या.

* * *

बिरवाडीत खोली घेऊन राहणारे काही कामगार आले. त्यांच्यातला एक, लांब बिहारकडचा, केमिकलच्या कंपनीत काम करताना मेला होता. फोटो एकच, गेटपासवरचा, नखाएवढा. प्रेताबरोबर मोठा फोटो गावी पाठवायचा होता. गाडी बाहेर इंजिन चालू ठेवून उभी होती.

निलेशने त्या दिवशी दोन्ही पट्ट्या टोकाला नेल्या. पंखे किंचाळायला लागले आणि जळका वास सुटला. मी दार उघडायला उठलो. त्यांच्यातला वयस्कर माणूस त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "बसा चाचा. ह्या वासाने माणूस मरत नाही. मरतो तो वास वेगळा."

चेहरा आला, गाडी गेली. पण तेव्हापासून कार्डाला जरा जोर दिला की स्क्रीन काळी व्हायची. पनवेलच्या दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, ह्याचे शेवटचे दिवस आहेत. व्होल्टेज अगदी खाली ठेवा, वेगही खाली, मग ओढेल जमेल तेवढं.

* * *

शिवथरच्या एक बाई आल्या, त्या यानंतर. त्यांचा एकुलता मुलगा मंगेश घाटात मोटारसायकलवरून पडून गेला होता. आधारकार्डावरचा फोटो होता, पण तो त्यांना नको होता. त्यात तो त्यांचा वाटतच नव्हता. मित्राच्या हळदीतला एक मोबाइल व्हिडिओ होता. त्यात मंगेश नाचता नाचता वळतो, कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि गर्दीत शिरतो. दहावा दुसऱ्या दिवशी होता.

बरोबर दीर होते. त्यांना परतीची एसटी गाठायची होती. त्यांची घाई बघून निलेशने भीत भीत व्होल्टेजची पट्टी थोडी वर घेतली. मंगेश वळला, आणि स्क्रीन काळी झाली.

बाई म्हणाल्या, "गेला?"

"नाय मावशी. मशीन बंद पडली."

निलेशने मशीन परत चालू केली. पट्टी बरीच खाली घेतली, वेगही उतरवला. या वेळी कार्ड धरून राहिलं. स्क्रीनवर एकेक चित्र वरून खाली उलगडायला लागलं. आधी केस, मग कपाळावरची हळद, मग डोळे. एक पूर्ण झालं की पुढचं, त्याच्याहून केसभर वेगळं. निलेश म्हणाला, फार वेळ लागेल, तुम्ही चहा घेऊन या. बाई हलल्या नाहीत. मी दिलेला पाण्याचा पेला तसाच त्यांच्या हातात होता.

हसतानाचं एक चित्र छान आलं. दीर म्हणाले, बस झालं, हाच फोटो फ्रेम करा. निलेशने तो छापायला टाकला. बाई म्हणाल्या, पुढचे पण येऊ देत. दीर बाहेर जाऊन आले. एसटी गेली होती. ते बाकावर बसले.

मंगेश हसला, वळला, पाठमोरा झाला. मग व्हिडिओ संपला. पंखे शांत झाले.

बाईंनी पेला खाली ठेवला. बोट स्क्रीनवरच्या पट्टीजवळ नेलं, काचेला लावलं नाही.

"तू मघाशी खाली ओढलीस, ती हीच ना रे?"

"हीच."

"आणखी खाली जाते?"

निलेशने भाईंकडे बघितलं. भाई शटर ओढायला उठले होते, ते परत बसले.

"जाते, मावशी. पण अजून वेळ लागेल."

"मग घे. आनि पयल्यापासून लाव."