तळघरातला प्रेस आणि वरची घंटा

व्हर्लिन हॉकेट मोठा नेमबाज होता असं आमच्या खोऱ्यात कुणी म्हणणार नाही. पण काडतुसं भरावीत तर त्यानेच, याबद्दल दुमत नव्हतं. आयडाहोतल्या आमच्या या नदीकाठच्या गावात लाकडाची गिरणी चालू होती, तेव्हा तो तिथे करवतीच्या पात्यांना धार लावायचा. गिरणी बंद पडली आणि हा बाबा घराच्या तळघरात उतरला तो उतरलाच. तिथे जाड फळ्यांच्या टेबलावर त्याचा काडतुसं भरायचा हिरवा प्रेस बसवलेला. उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, दांडा ओढून ती साच्यात दाबायची म्हणजे फुगलेलं अंग मूळ मापावर येतं, मग बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. दुकानातून तयार डबा आणणाऱ्याकडे व्हर्लिन जसा बघायचा, तसं सुगरण बाई विकतच्या पोळ्या आणणाऱ्या शेजारणीकडे बघते.

कारखान्यातून आला तसा प्रेस त्याने कधी ठेवलाच नाही. पुंगळीतून निघणाऱ्या जळक्या टोप्या जमिनीवर उडतात म्हणून खालून रबरी नळी जोडून त्या बाटलीत सोडल्या. दांड्याची मूठ स्वतः लाकडातून घडवली. साच्याच्या बरोबर वर इवलासा दिवा लावला. हे सगळं ठीक. पण त्याने शेवटी शेवटी केलेल्या दुरुस्त्यांचा काडतुसांशी काडीचा संबंध नव्हता. टेबलाच्या पायांखाली गिरणीतल्या पट्ट्याचं रबर घातलं, म्हणजे दांड्याच्या दणक्यात वरचा आवाज बुडू नये. आणि तळघराच्या छताला भोक पाडून त्यात शेगडीच्या धुराड्याचा तुकडा बसवला, म्हणजे वरचं सगळं खाली ऐकू यावं.

वर अर्डिथ होती, त्याची बायको. तिची फुप्फुसं थकली होती. दिवाणखान्यात ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं आणि त्याची लांब नळी तिच्या नाकाला. नळी स्वयंपाकघरातल्या मोरीपर्यंत पोचायची, खिडकीपर्यंत पोचायची, तळघराच्या दारापर्यंत पोचायची. पुढे नाही. तिच्या हाताशी त्याने पितळी घंटा ठेवली होती. ती बाई घंटा कधी वाजवायची नाही, म्हणून व्हर्लिन तिचा खोकलाच ऐकत बसायचा. दारूचे डबे त्याने केव्हाच मागच्या शेडमध्ये हलवले होते, भरायचं कामही तिथेच करायचा; घरात ऑक्सिजन असताना खाली दारू ठेवण्याइतका तो खुळा नव्हता. पण शेडमधून ती ऐकू येत नसे, म्हणून तिथे तो घाईघाईने काम उरकायचा आणि धापा टाकत परत यायचा. दर शरद ऋतूत गावातले पुरुष एल्क हरणाच्या शिकारीला डोंगरावर जायचे. व्हर्लिन मात्र कैक वर्षं घराच्या अंगणापलीकडे गेला नव्हता.

या वर्षी अर्डिथने बहिणीला बोलावून घेतलं. ट्वायला बॅगा घेऊन आली, भावजींना दार दाखवून म्हणाली, "आता निघा." गिरणीतला जुना दोस्त डेल्मर पिकअपमध्ये तंबू टाकून तयार होता. व्हर्लिनपाशी न जायला कारणच उरलं नाही.

आणि नेमका प्रेस बिघडला.

आधी पुंगळी साच्यात अडकली. पुंगळीला बोटाने जरा मेण न लावता ती साच्यात कोंबणं, ही नवशिक्याची चूक. व्हर्लिनने ती जन्मात केली नव्हती. बुडाची कड उपटून हातात आली, पुंगळी आतच. मग बुडाला भोक पाड, आटे पाड, बोल्ट घालून ओढ, असं करत त्याने ती काढली. त्यानंतर टोप्या तिरक्या बसायला लागल्या. त्याने टोपी बसवणारा हात काढला, घासला, खाली पातळ पत्र्याची चकती घातली, पुन्हा काढली.

"यंत्र आहे की सरकारी बाबू?" जिन्यावर उभा राहून डेल्मर म्हणाला. "कामाच्या दिवशीच बरं आजारी पडतं! जाऊ दे, माझी घे. भरून ठेवलीयत भरपूर."

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस मी माझ्या बंदुकीत घालत नाही. तूही घालत नाहीस."

भरताना दुसऱ्याच्या हातून चूक झाली तर बंदुकीची नळी फुटते ती आपल्या तोंडासमोर. आमच्याकडे सख्ख्या भावाचं काडतूसही कुणी घेत नाही, आणि त्याचा राग कुणाला येत नाही.

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती व्हर्लिनला पक्की ठाऊक होती. बिघाड त्याला सोमवारीच सापडला होता. टोपी बसवणाऱ्या त्या हाताच्या खोबणीत पितळेचा बारीक कीस अडकला होता. तो त्याने सुईने काढला, टोपी सरळ बसली, झकास बसली. तो तिच्याकडे बघत राहिला; आता निघावंच लागणार होतं. मग त्याने पाना घेतला आणि घट्ट केलेला स्क्रू स्वतःच्या हाताने पुन्हा ढिला केला. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो तसाच दांडा ओढत बसला होता, तेव्हा जिन्यावर सपाता वाजल्या. त्यामागून काहीतरी सरपटत येत होतं.

"अर्डिथ! अगं पडशील!"

"पडले तर ऐकशीलच की. त्यासाठीच तर बसलायस इथे." एकेक पायरी थांबत ती खाली आली. नाकाला नळी होतीच. "नर्सकडून जोड मागून घेतला, दोन नळ्या एक केल्या. जोडाजोड काय तुला एकट्यालाच येते होय?"

ती स्टुलावर टेकली. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. मग तिने स्वेटरच्या खिशातून एक डबा काढून प्रेसशेजारी ठेवला. दुकानातली, विकतची काडतुसं.

"ट्वायलाने आणली. यंत्र बिघडलंय ना तुझं?"

"हे असलं मी..."

"प्रेस बिघडलेला नाहीये, व्हर्लिन. सोमवारी आवाज बरोबर आला होता. मग तू खुडबुड केलीस, आणि पुढच्या खेपेपासून परत खरखर."

"तुला वर कसं ऐकू येतं?"

"छताला भोक कुणी पाडलं? त्यातून आवाज काय खालीच येतो फक्त?"

व्हर्लिनने मूठ सोडली. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. "मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "मी तिकडे डोंगरावर, आणि इकडे तुला..."

"मलाही वाटते. पण तू खाली श्वास रोखून बसतोस ना, ते मला वर कळतं. मी जरा खोकले की तुझा दांडा थांबतो. म्हणून उशीत तोंड खुपसून खोकते मी. कंटाळले रे. मला आठ दिवस मनसोक्त खोकायचंय. कुणी न ऐकता."

"आणि ट्वायला?"

"तिला छप्पर पडलेलं ऐकू येत नाही. डोळे मात्र घारीचे आहेत, तेवढं पुरे. आणि तो स्क्रू घट्ट करून जा. तो आवाज मला आवडतो."

त्याने स्क्रू आवळला. पुंगळी लावली, दांडा ओढला. टोपी मऊ टिक् करून बसली. अर्डिथ मान हलवून उठली. ती एकेक पायरी चढत गेली, आणि तो मागून नळीची वेटोळी हातावर गोळा करत चढला.

सकाळी त्याने डेल्मरला पुढे पाठवलं आणि स्वतःची पिकअप काढली. विकतचा डबा शेजारच्या सीटवर. ओढ्याच्या वळणावर, जिथून घर दिसेनासं होतं, तिथे त्याने इंजिन बंद केलं, काच खाली घेतली आणि सवयीने श्वास रोखून कान दिला. घरघर नाही, खोकला नाही, नुसतं ओढ्याचं पाणी. ती आत्ता खोकत असेल, अगदी घसा फाडून, असं त्याच्या मनात आलं. आणि मग त्या रस्त्यावर, त्यालाही ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून, व्हर्लिन हॉकेट मोठमोठ्याने रडला.