घर कुठल्या अंगाला

पोखर्णीहून परभणीला येणाऱ्या एसटीत एक वयस्कर माणूस माझ्या शेजारी बसला. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पसरलेला रुमाल. परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी माझ्या शिक्षणावर आणि ओळखीवर लिहायचं होतं, संध्याकाळी मुदत संपणार होती. वहीत मी मुद्दे जुळवत होते आणि हा माणूस बिनदिक्कत वाचत होता.

"गाव कोणतं, पोरी?"

सांगितलं.

"गावात घर कुठल्या अंगाला?"

हा प्रश्न मला पाठ आहे. आडनाव विचारायची लाज वाटली की माणसं दिशा विचारतात.

"जात काढायलाव का, काका?"

तो चिडला नाही, नाहीही म्हणाला नाही. रुमालाची घडी घालत बोलला, "शोषण, व्यवस्था, क्रांती... लय भारी लिवलंस. पण दोन पानात तुझं घरच न्हाई. शाळेला निघायचीस कुठून?"

स्टँडच्या अलीकडे तो उतरून गेला.

त्याला जातच काढायची होती, असं मला अजूनही वाटतं. तरी ती दोन्ही पानं मी फाडली आणि पहिलं वाक्य लिहिलं: माझं घर गावाच्या खालच्या अंगाला, विहाराच्या मागं आहे, तिथून आई ऊसतोडीला निघायची आणि मी शाळेला.