उतरायची बाजू

“चढशील की कसाही. आधी उतरायचं बघू.”

हे वाक्य शेजारच्या काकू कुठेही वापरत. अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या वसाहतीत कुणी घर घेतलं की बाकीचे स्वयंपाकघर बघायला धावत, काकू तळघराच्या जिन्यावर जाऊन शेवटच्या पायरीची उंची बघत. कुणाकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचं जेवण, असलं तर त्यांची गाडी रस्त्याकडे तोंड करून लावलेली असे. मी नव्या नोकरीचे पेढे घेऊन गेलो, तेव्हा अभिनंदनाच्या आधी त्यांनी विचारलं, की ही सोडायची वेळ आली तर तुझ्या व्हिसाचं काय होईल. पेढा त्यांनी नंतर खाल्ला, आणि दोन खाल्ले. अशा माणसाचा पहिल्यांदा राग येतो. तुमच्याही ओळखीत असेल कुणीतरी, तुम्हीही मनातल्या मनात चरफडला असाल.

काकू मूळच्या कोल्हापूरच्या. उद्यमनगरात त्यांच्या वडिलांचं वर्कशॉप होतं आणि शाळेतून आल्यावर दप्तर टाकून त्या थेट तिकडे जात. पुढे लग्न होऊन इकडे आल्या आणि जॉर्जियातल्या एका टाक्यांच्या कारखान्यात वेल्डिंगची तपासणी करत निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरही त्यांच्या गॅरेजमध्ये वेल्डिंगचं यंत्र होतं. उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा सुती कुडता, घट्ट अंबाडा, आणि त्यावर तो काळा मुखवटा. काका या उद्योगापासून दोन हात लांब राहत आणि दर तासाला चहा करून आणत.

माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती गाडीमुळे. किट कार म्हणजे सुट्या भागांच्या पेट्या मागवून घरी स्वतः जोडायची गाडी. मी मागवलेली गाडी जुन्या रेसिंग गाड्यांच्या धाटणीची होती. उघडी, बुटकी, दोन माणसांची. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पान्याशी माझा संबंध बेताचाच. तीन वर्षं ती गाडी आमच्या गॅरेजमध्ये पसरलेली होती. बायको त्या जागेला ‘प्रयोगशाळा’ म्हणायची, आणि त्यात कौतुक नव्हतं.

त्या वर्षी नागपूरहून बाबा आले होते, सहा महिन्यांसाठी. बाबा सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. कितीतरी साहेब बदलले, जीप बदलल्या, बाबा तेच राहिले. एकदा जेवताना ते सहज बोलून गेले, की आपण साऱ्या साहेबांना जंगल दाखवलं, आपल्याला मात्र कुणी बाजूला बसवून हिंडवलं नाही. तक्रार म्हणून नव्हे, ते भाजी वाढून घेत होते. त्यांना परत जायला तेव्हा तीन आठवडे उरले होते. मी ठरवलं, की स्वतःच्या हातांनी केलेल्या गाडीत, बाजूला बसवून, एकदा तरी त्यांना हिंडवून आणायचं. त्यांचं वय आणि आमची अंतरं बघता पुढच्या खेपेवर मला भरवसा ठेवायचा नव्हता.

बाबा रोज सकाळी गॅरेजमध्ये डोकावून विचारत, “काहून रे, झाली का नाही?” एकदा सवयीने उजवीकडचं दार उघडून आत बसले आणि स्टिअरिंग कुठे गेलं म्हणून बघायला लागले. मग स्वतःच हसले.

शेवटचं काम सायलेन्सरचं. या गाडीत धुराची नळी मागून निघत नाही. इंजिनापासून बाहेर येऊन दोन्ही बाजूंना दारांच्या खालून जाते. चकचकीत, मनगटापेक्षा जाड. दिसायला इतकी सुंदर, की मी ती गाडी निम्मी त्या नळ्यांसाठीच घेतली होती. एका शनिवारी मी दोन्ही नळ्या बसवल्या, बोल्ट पिळून घट्ट केले आणि काकूंना बोलावलं. खरं सांगायचं तर तपासायला नव्हे, शाबासकी घ्यायला. दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन जायचं होतं आणि पुढच्या शनिवारी त्यांचं विमान होतं.

काकूंनी चकाकी बघितलीच नाही. उजव्या दारातून आत बसल्या आणि मला म्हणाल्या, मी उतरते, तू माझा पाय बघ. त्यांनी पाय बाहेर टाकला. पोटरी बरोब्बर नळीला जाऊन टेकली.

आपल्याकडे मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याच्या पोटरीवर कधी ना कधी सायलेन्सरचा डाग पडतोच. माझ्या आहे, बायकोच्या आहे, तुमच्याही असेल. आपण त्याचं काही वाटून घेत नाही. काकू वाटून घेत.

मग त्यांनी नळी धरून हलवली. ती तसूभरही हलली नाही. मला वाटलं, पास झालो. त्या म्हणाल्या, हीच चूक आहे. चालू इंजिन हलतं, नळी तापली की लांबते, तिला जागा नको? अशी आवळून ठेवलीस तर जोडावर तडकेल. मागच्या टोकाला रबराचा आधार हवा. एवढ्यावर थांबतील तर त्या काकू कसल्या. घरातला व्हॅक्यूम क्लीनर मागवला, त्याची हवा उलटी नळीत सोडली आणि जोडांवर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. उजव्या बाजूच्या एका जोडातून बुडबुडे आले. म्हणजे तिथून गाडीचा विषारी धूर शेजारी बसणाऱ्याच्या नाकापर्यंत जाणार होता.

“काढ सगळं. आणि वर जाळी बसवायची.”

जाळीने सगळी शोभा जाईल, मी म्हणालो. एकच तर चक्कर आहे. बाबा जन्मभर गाड्यांत वावरलेले आहेत, सांभाळून उतरतील. त्या नुसतं “नाही” म्हणाल्या आणि निघून गेल्या. तीन वर्षांच्या कामावर या बाईने एका शब्दात बोळा फिरवला, असं मला वाटलं. त्या रात्री मी बायकोजवळ काकूंबद्दल जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी दुपारी तरीही नळ्या काढून त्यांच्याकडे नेल्या. बाबा बरोबर आले. ऑगस्टचं ऊन, काकूंच्या दारातला उतार तव्यासारखा तापलेला. बाबा चालताना त्यांची एक चप्पल मागेच राहिली. ते तसेच पुढे आले आणि एक पाय अनवाणी टेकवून काकांशी विदर्भातल्या उन्हाबद्दल बोलत उभे राहिले. मी रोजच्या गाडीतून नळ्या उतरवण्यात गुंतलो होतो. काकूंनी जाऊन चप्पल उचलली, त्यांच्या पायाशी ठेवली आणि “भाऊ, चप्पल” एवढंच म्हणाल्या. बाबांनी खाली बघितलं आणि घाईघाईने पाय सरकवला.

काका बाबांना चहाला आत घेऊन गेले, तेव्हा काकू माझ्याजवळ आल्या.

“तुझ्या बाबांना पायाला चटका कळत नाही. तुला ठाऊक आहे काय?”

मला ठाऊक नव्हतं. बाबांना साखरेचा त्रास बरीच वर्षं होता, गोळ्या मीच मोजून देत होतो. गुडघे दुखतात म्हणून ड्रायव्हिंग सोडलं, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. साखरेने पाय बधिर होऊन पायाखालचा ब्रेक कळेनासा झाला म्हणून सोडलं, हे मला त्या क्षणी, दुसऱ्याच्या दारात उभं राहून कळलं. पाच महिन्यांवर मी त्यांच्याबरोबर एका घरात राहत होतो. काकूंनी ते पाच मिनिटांत पाहिलं. मला फार लाज वाटली, आजही वाटते.

त्यांना बोलून दाखवू नकोस, काकू म्हणाल्या. लपवलंय म्हणजे काहीतरी जपलंय त्यांनी. नागपुरात डॉक्टरला पाय दाखवायची व्यवस्था कर, तुझ्या बहिणीला सांग. गाडीचं आपण बघू.

तो आठवडा मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी मी ऑफिसला जाण्याआधी काकूंचा दिवा लागलेला असे, संध्याकाळी परत येईपर्यंत काहीतरी नवं झालेलं असे. जोड नव्याने बसवला, पुन्हा साबण लावला, बुडबुडा नाही. मागे रबराचा आधार आला. मग भोकं पाडलेल्या पत्र्याची जाळी, नळीपासून दोन बोटं अंतर ठेवून, म्हणजे मधून वारा खेळेल. डावीकडे नेहमीएवढी. उजवीकडे, बाबांच्या बाजूला, दारापेक्षा पुढे आणि मागे वीतभर जास्त. बुधवारी मी गाडी वीस मिनिटं फिरवून आणली. काकूंनी पोळीच्या तव्यावर धरतात तसा हात उलटा करून जाळीजवळ नेला आणि मान हलवली. पत्रा पुन्हा उतरला, आत दुसरा थर बसला.

गुरुवारी पुन्हा वीस मिनिटं. या वेळी हात नेऊन झाल्यावर त्यांनी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली, पोटरी जाळीला टेकवली आणि एकोणतीसचा पाढा म्हणायला लागल्या. मी म्हणालो, काकू, तापमान मोजायचं यंत्र आहे ना तुमच्याकडे.

“यंत्राने सकाळीच मोजलंय. पण त्यांच्या पायाच्या जागी कुणाचातरी पाय नको का लावून बघायला?”

पाढा पूर्ण झाला. पोटरीवर जाळीची नक्षी उमटली होती, पण लाली नव्हती. त्यांनी सलवार खाली केली आणि काकांना चहा मागितला.

शुक्रवारी सकाळी बाबांना घेऊन निघालो. घोड्यांच्या कुरणांच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याने चाळीस मिनिटं हिंडलो. बाबांनी मला गिअर उशिरा बदलतोस म्हणून दोनदा टोकलं, आणि नंतर माझ्याकडे बघायचं सोडून आजूबाजूला बघायला लागले. एका वळणावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वारा लागू दिला. मला रडू येत होतं आणि रस्त्यावर लक्षही ठेवायचं होतं.

काकू आता इथे नाहीत. मागच्या वसंतात दोघं मुलाजवळ राहायला टेक्सासला गेले. वेल्डिंगचं यंत्र त्यांनी एका कॉलेजला दिलं. त्यांच्या गॅरेजमध्ये आता दुसऱ्यांची ट्रेडमिल आहे आणि त्या दारावरून जाताना मी मान वळवत नाही. बाबा नागपुरात आहेत, नवे बूट घालून फिरतात, फोनवर काकूंची चौकशी आधी करतात आणि माझी नंतर.

मला मात्र त्या शुक्रवारचंच आठवत राहतं. आम्ही काकूंच्या दारात येऊन थांबलो. त्यांनी बाबांना हात दिला, आधी हा पाय टाका म्हणाल्या. बाबा उतरले. वळले, आणि एखाद्या सरकारी बंगल्याबाहेर साहेबाची वाट बघत उभं राहावं तसे गाडीला टेकून उभे राहिले. पोटरी थेट जाळीवर. मेळघाटात जीपचं पाणी उकळलं होतं, ती लांबलचक गोष्ट त्यांनी काकूंना सांगायला घेतली. “बाबा, पाय” म्हणायला मी पुढे झालो. काकूंनी त्यांच्यावरची नजर न काढता माझं मनगट धरलं.

“राहू दे,” त्या हळूच म्हणाल्या. “टेकू देत त्यांना.”

बाबांच्या पोटरीपासून दोन बोटांवर नळी तापलेली होती, आणि बाबा निवांत बोलत होते.