फुंकणीची गाडी आणि मेडशीचा चढ

आधी माफी मागून घेते. माझं शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. अक्षर तर असं, की बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेल्या या डायरीवरून ओल्या वाफ्यातली कोंबडी चालत गेली असावी. वेलांटी चुकली तर माफी, काना पळाला तर माफी. पण मेडशीच्या चढावर जे झालं, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. भाऊजी देवळात समोर उभे राहिले तरी नाही!

मी चार माणसांत बोलत नाही. वाशिमच्या बाजारात बारा वर्षं वांगी विकली, पण एकदाही आरोळी मारली नाही. गिऱ्हाईक आपणहून आलं तर तोलून द्यायची, नाही आलं तर वांग्यांकडे बघत बसायचं. आमचे हे म्हणतात, "तुह्या वांग्यायलेच ओरडा लागते, मले घ्या म्हनून!"

त्या बारा वर्षांत मी बाजारात गेले भाड्याच्या टेम्पोतून. ड्रायव्हरच्या बाजूला पोत्यावर बसायचं आणि डाव्या-उजव्या खड्ड्यांत जीव सांभाळायचा. सीटच्या शेजारी एक लोखंडी दांडा होता. तो दोन्ही हातांनी वर ओढून धरला की देव आठवायची गरज पडत नसे. (तो दांडा कशाचा होता हे मला आजही माहीत नाही. ड्रायव्हरलाही नसावं.)

म्हणून ह्यांनी जुनी सेडान घ्यायची काढली, तेव्हा कोथिंबिरीचे साठवलेले पैसे मी न विचारता काढून दिले. गाडी ह्यांच्या नावावर आली, पण पुढची सीट माझ्या कोथिंबिरीवर आली. गादीची सीट, समोर काच, गार हवा! त्या सीटवर मी पहिल्यांदा बसले तेव्हा कुणाच्या घरी पाहुणी गेल्यासारखा पदर सावरला.

साठ हजार कमी पडले. ते दिले भाऊजींनी, म्हणजे माझी मोठी नणंद मंदाताई, त्यांच्या मालकांनी. मेडशीला त्यांचं सोयाबीन आणि तुरीचं मोठं वावर आहे, पोटही त्याच मापाचं आहे, आणि दारात अठराशे सीसीची काळी सेडान. पैसे बिनव्याजी दिले, पण व्याज तोंडानं वसूल केलं.

"किती सीसीची घेतली, साळेबुवा?"

"हजार."

"हजार! अन् सिलिंडर?"

"तीन. पन टर्बो हाय, भाऊजी."

"तीन? अन् चवथं कुठी गेलं? वहिनीच्या गॅसले लावलं का?"

लग्न असो, तेरवी असो, भाऊजी हा विषय काढायचेच. "माहे साठ हजार तीन सिलिंडरात गेले हो!" माणसं हसायची. हे जमिनीकडे बघायचे. मी तर आधीपासूनच जमिनीकडे बघत असायची.

मंदाताईंच्या नातवाचं बारसं ठरलं. भाजी आमच्या मळ्यातली. पहाटे डिकीत वांग्यांचे दोन कट्टे भरले, मागच्या सीटवर सात कोहळी बसवली, पायाशी कोथिंबीर. कोथिंबीर सुकू नये म्हणून एसी सगळ्यात गारवर. आणि पुढे मी. मेडशीच्या अलीकडे जुन्या रस्त्याच्या फाट्यावर बघतो तर काय, भाऊजी काळी गाडी आडवी लावून उभे!

"आधी चढ, मंग जेवन," भाऊजी म्हणाले. "आज फैसलाच करू. बाभळीपासून मैलाच्या दगडापर्यंत. तुही गाडी जिंकली, तर मी जलमात बोलनार नाही, अन् पैसे सवडीनं दे. हरली, तर ह्या डब्ब्याले विक अन् माही काळी घेऊन जाय. माहे साठ हजार तं देच, वरून काळीचे चाळीस दे."

काळी गाडी पेट्रोल पिते म्हणून ते ती कुणाच्या तरी गळ्यात बांधायला बघत होते, हे सगळ्या मेडशीला माहीत होतं. पण आमचे हे तापले. "लावा!" म्हणाले. माझी सीट पणाला लागली आणि मला कुणी विचारलंही नाही!

जुना रस्ता हायवे झाल्यापासून ओसाडच. आधी भाऊजी गेले. एकटे, काचा बंद, एसी बंद. बावीस सेकंद, असं त्यांच्याच मोबाईलनं सांगितलं. मग आम्ही. वर दगडापाशी मोबाईल हातात घेऊन वेळ मोजायला कोण उभं? भाऊजीच! (मालही त्यांचा, काटाही त्यांचा!)

ह्यांनी गाडी सोडली. मी पाठीमागे दाबली गेले, मागून एक कोहळं गडगडलं, माझे डोळे मिटले. एवढ्यात हे आनंदानं ओरडले, "अवं, पाह्य पाह्य! लाल दिवा लागला! टर्बो चालू झालं!"

मी डोळे उघडले नाहीत. जळल्याचा वास मात्र आला.

"सत्तावीस!" भाऊजी वरून ओरडले. मग गाडीला नाक लावून म्हणाले, "टर्बो जयलं वाटते. उद्या कागदं घेऊन या, साळेबुवा."

बारशाच्या घरी बायका भाजी उतरवायला लागल्या. मी डिकीपाशी उभी. एक कट्टा निघाला, दुसरा निघाला. कोहळी निघाली. एक, दोन, तीन... सातवं मी उचललं आणि तशीच थांबले. अरे! हे सगळं घेऊन आम्ही चढलो? आणि भाऊजी रिकामे? आणि भाजी कुणाच्या बारशाची? त्यांच्याच!

मला काय झालं ते माहीत नाही. कोहळं कडेवर घेऊन मी सरळ पुरुषांच्या मांडवात शिरले. पन्नास माणसं. भाऊजी मधोमध बसून "सत्तावीस" हा आकडा वाटून राहिले होते.

"भाऊजी," मी म्हणाले, "पासंग पाह्यला काय तुमी?"

पन्नास माना वळल्या. मी बोलते हेच बऱ्याच जणांना नवीन होतं.

"कायचा पासंग, वहिनी?"

"तराजूचा. मी पावभर मिरची तोलतो तरी आधी दोन्ही पारडे रिकामे करून पाह्यतो. झुकत असन, तर खडा लावतो. तुमी एका पारड्यात दोन कट्टे वांगे, सात कोहळे, एसी अन् मले टाकलं. दुसऱ्यात तुमी एकटे. हे कोनतं माप?"

एक म्हातारबाबा म्हणाले, "बाई बराबर बोलून राह्यली." भाऊजींचा चेहरा पडला, पण माणूस हार मानणारा नाही.

"मंग टर्बोचं काय?" ते म्हणाले. "हवा कोंबून जोर आनता, ते चालते? माही गाडी आपल्या दमावर चालते. टर्बो म्हनजे मापातली खोट!"

"चुलीले फुंकणी लावनं खोट हाय काय?" मी म्हणाले. "तुमची चूल मोठी, लाकडं बी जास्त खाते. आमची चूल लहान, पन फुंकणी हाय. भाकर कोनाची आधी होते, तेवढंच पाहा ना!"

"मंग मले बी फुंकणी द्या!"

"मंग आमाले बी आठशे सीसी द्या!"

मांडवात असा हशा पिकला की पाळण्यातलं पोर रडायला लागलं. मंदाताईंनी बाहेर येऊन निकाल दिला. "जेवन झालं की पुन्हा लावा. रिकाम्या गाड्या, एसी बंद, अन् टाइम मी धरन. नाई त मी कोनालेच बुंदी वाढत नाई."

बुंदीपुढे भाऊजींचं काही चाललं नाही. पण बुंदी पोटात जाताच त्यांना नवा मुद्दा सुचला. "वहिनीले इनसाफ पाह्यजे ना? मंग पुरा करा! मी जाडा, साळेबुवा काडी. माह्या गाडीत माहंच वजन जास्त. तेवढं तुमच्या गाडीत टाका!"

आता झाली का पंचाईत! पासंग मीच काढला होता. नाही म्हणू कशी?

वरात धरमकाट्यावर गेली. सोयाबीनचे ट्रॅक्टर रांगेत थांबलेले, मधे आमच्या दोन सेडान. काट्यावर आधी भाऊजी चढले. एकशे दहा. आमचे हे चढले. पंचावन्न. फरक पंचावन्नचा! भाऊजी खूश. एवढं वजन म्हणजे एक अख्खा माणूस.

"वहिनी, चढा!"

मी? काट्यावर? अर्धी मेडशी बघत असताना? पण सीटचा प्रश्न होता. चढले. पंचेचाळीस.

"दहा किलो कमी!" भाऊजी ओरडले. मंदाताई घरून कोहळं घेऊन आल्या. बरोबर दहा किलोचं. काटेवाल्यानं पावती फाडायला घेतली आणि पेन थांबवून विचारलं, "मालाच्या रकान्यात काय लिहू?"

"वहिनी अन् कोहळं," भाऊजी म्हणाले.

ती पावती माझ्याकडे अजून आहे. माल : वहिनी, कोहळं. एवढ्या वर्षांत सरकारी दिसणाऱ्या कागदावर माझं नाव असं पहिल्यांदाच आलं!

पुन्हा बाभूळ. भाऊजी आधी गेले. बावीस, जसेच्या तसे. मग आम्ही. मांडीवर कोहळं. ते निसटून काचेवर आपटू नये म्हणून मी दोन्ही हातांनी असं कवटाळलं, जणू बारसं त्याचंच होतं. हे म्हणाले, "अवं, लाल दिवा नाई लागला! टर्बो चालू नाई झालं वाटते!" आणि गाडी जी सुटली! बाभूळ कुठे गेली, दगड कधी आला, कळलंच नाही.

"एकोनीस!" मंदाताईंनी स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध आनंदानं किंकाळी फोडली.

भाऊजी दगडावर बसले.  मग म्हणाले, "कोहळ्याचं वजन मीच टाकाले लावलं, तरी बी हरलो ना?"

"व्हय," मी म्हणाले. त्या दिवशी मी इतकं बोलले, की घरी आल्यावर घसा बसला.

चार दिवस मी मळ्यात मान वर करून फिरले. वांग्यांशीसुद्धा ताठ्यानं बोलले. पाचव्या दिवशी हे गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेले, कारण जळल्याचा वास पुन्हा आला होता. मी पुढच्या सीटवर, माझ्या हक्काच्या.

मिस्त्रीनं मागचं चाक काढलं आणि डोक्याला हात लावला. "भाऊ, तुमी हँडब्रेक ओढून गाडी चालवता काय? ब्रेक पार जयले ना!"

"मी कायले ओढन?" हे म्हणाले.

"लाल दिवा लागत नव्हता काय?"

"लागत होता ना. टर्बोचा."

"टर्बोले दिवा नसते, भाऊ. थो हँडब्रेकचा."

 परत येताना नाल्याजवळचा चढ आला तशी ह्यांनी गाडी हळू केली आणि नुसतं खाली बघितलं. मीही बघितलं. दोन सीटांच्या मधल्या त्या दांड्यावर माझा हात होता. घट्ट. वर ओढलेला. लाल दिवा लागलेला. टेम्पोतली बारा वर्षं हातातून गेलीच नव्हती!

"म्हनजे त्या रोजचे सत्तावीस..." हे म्हणाले.

"वांगे बी होते," मी म्हणाले. "अन् एसी. अन् सात कोहळे."

यावर मी अजून ठाम आहे. माप चुकीचं होतं ते होतंच. आता काट्यावर एक बोट माझंही होतं, एवढंच. ते मी भाऊजींना सांगितलं नाही, सांगणारही नाही. ह्यांनीही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी माझी जागा बदलली.

भाऊजींनी शब्द पाळला. एका लग्नात, एका तेरवीत गाडीचं नाव काढलं नाही. (त्यांना किती त्रास झाला ते तोंडावर दिसत होतं.) आम्ही कोबी आणि मेथीवर थोडे थोडे पैसे देत गेलो. शेवटचे दहा हजार द्यायला परवा मेडशीला गेलो. भाऊजी रस्त्यावरच भेटले. मी काच खाली करून गाडीतूनच नोटा दिल्या. त्यांनी मोजता मोजता आत डोकावलं.

"वहिनी, तुमी मांगच्या सीटवर? अन् पुढं हे कोहळं? ते बी पट्टा लावून?"

मी पदर ओढला. 

"त्याले हात नाईत ना, भाऊजी," आमचे हे म्हणाले.

भाऊजींना काही समजलं नाही. त्यांनी नोटा पुन्हा एकदा मोजल्या आणि म्हणाले, "बराबर हाय. साठचे साठ फिटले."